वायर एक, सेवा दोन : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच विषयावरचे आहेत. नव्या वस्तीत राहायला गेलो, बांधकामाभोवतीचा पत्रा काढायच्या आधीच लोकल फायबरवाला दारात हजर, नेट आणि टीव्ही एकाच वायरवर एकाच पैशात देतो म्हणतोय, घ्यायचं का? वाघोली, पुनावळे, उलवे, बदलापूर, नाशिकचा पाथर्डी फाटा, सगळीकडून तेच. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकललेत आणि यावेळी फक्त हेच घेतलंय. नावं छापलेली नाहीत, कारण बऱ्याच जणांनी तशी विनंती केली होती आणि काही ठिकाणी कमिटीतले वाद अजून चालू आहेत.

प्रश्न : आमची सोसायटी १८० फ्लॅटची आहे, वाघोलीत. पझेशन मिळून काही महिने झाले, हँडओव्हर अजून व्हायचाय. बिल्डरने एका लहान प्रोव्हायडरला आत घेतलंय, तो नेट + टीव्ही ७९९ रुपये महिना म्हणतो पण वर्षाचे पैसे आधी भरा. दुसऱ्या कंपनीचा माणूस आला तर सिक्युरिटी गेटवरूनच परत पाठवते, "डक्टमध्ये (वायरी नेण्याच्या उभ्या कप्प्यात) जागा नाही, बिल्डरचा करार आहे" असं सांगतात. हे बरोबर आहे का? मी कमिटीचा खजिनदार होणार आहे म्हणून विचारतोय.

उत्तर : खजिनदार होणार आहात ना, मग आधी आकडा बघा. ७९९ गुणिले १२ म्हणजे ९,५८८ रुपये एका घराचे, १८० घरांचे झाले १७ लाख २५ हजारांच्या वर, आणि हे सगळे पैसे सेवा मिळायच्या आधी त्याच्या खात्यात. त्या ७९९ वर १८ टक्के जीएसटी वेगळा आहे का आतच धरलाय हेही विचारा, कारण वेगळा असेल तर महिन्याचे ९४३ होतात आणि जाहिरातीच्या कागदावर ते कधीच लिहिलेलं नसतं.

आता "डक्टमध्ये जागा नाही" हे. एका फायबरवर स्प्लिटर, म्हणजे प्रकाश अनेक घरांत वाटून देणारा तुकडा, लावून ३२ घरं आरामात चालतात, काही ठिकाणी ६४ सुद्धा चालवतात. म्हणजे १८० फ्लॅटला सहा फायबर पुरतात, आणि बारा फायबरची पूर्ण केबल आपल्या करंगळीपेक्षा जाड नसते. एकदा स्वतः जिन्याजवळचं डक्टचं दार उघडून बघा. आत बहुतेक वेळा लाईटच्या केबल ट्रेवर व्यवस्थित बसवलेल्या असतात, आणि फायबर आणि डबे मात्र कुठेही झिपटायने बांधून लोंबत सोडलेले असतात, त्यामुळे डक्ट भरल्यासारखं दिसतं. जागा असते, शिस्त नसते.

कराराचं म्हणाल तर हँडओव्हर होईपर्यंत कारभार बिल्डरकडे असतो हे खरं, पण जिने, डक्ट, गच्ची हा कॉमन एरिया आहे आणि तो शेवटी सोसायटीकडे येतो. म्हणून हँडओव्हरच्या कागदांत बिल्डरने प्रोव्हायडरशी केलेल्या कराराची प्रत लेखी मागा, मुदत किती आहे, बिल्डरला दर फ्लॅटमागे काही मिळतंय का, आतली फायबर आणि स्प्लिटर बॉक्स कोणाच्या मालकीचे, हे सगळं त्यात दिसेल. डक्टचा आणि जमिनीखालच्या पाईपचा प्रत्यक्ष टाकला तसा नकाशाही मागा, हा नकाशा नंतर कोणाकडेच सापडत नाही आणि मग दरवेळी पेव्हर ब्लॉक उकरावे लागतात.

ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, जानेवारी २०१७ मध्येच शिफारस केली होती की इमारतीच्या आतली व्यवस्था सगळ्या कंपन्यांना समान अटींवर मिळावी आणि एकाच कंपनीला आत घेऊन बाकीच्यांना बंदी करणारे करार होऊ नयेत. शिफारस म्हणजे कायदा नाही, हे मी स्पष्ट सांगतो, गेटवर हा कागद दाखवून कोणी आत सोडणार नाही. पण आता दुसरं एक साधन आलंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीचे स्टार द्यायचे नियम काढले, ते ऐच्छिक आहेत, पण फ्लॅट विकायचा किंवा भाड्याने द्यायचा तर नेट कसं आहे हा प्रश्न गिऱ्हाईक पाण्याच्या प्रश्नाच्या जोडीने विचारतं हे बिल्डरला चांगलं माहीत आहे, म्हणून बोलणी करताना हा मुद्दा वापरा.

माझं मत स्पष्ट आहे, लहान प्रोव्हायडर आत आलाय तर त्याला काढू नका, त्याने पैसे घालून वायर ओढलीय. पण दुसरा एक तरी आत पाहिजेच. पहिल्या जनरल बॉडीत ठराव करून घ्या की डक्ट सोसायटीचा, कोणालाही एकट्याला नाही, जो येईल त्याने ट्रेवरून वायर न्यायची, बॉक्सवर नाव आणि फोन नंबर लिहायचा, आणि सोडून गेला तर आपली वायर काढून न्यायची. आणि वर्षाचे पैसे आधी भरायचे नाहीत, तीन महिन्यांचे भरा. जो तीन महिन्यांवर तयार होत नाही त्याला आपल्याच सेवेवर विश्वास नाहीये असं मी समजतो.

प्रश्न : मी उलव्यात राहतो, वय ७१. घरात एकच बारीक वायर येते, त्यावर नेटही आणि टीव्हीही. नेट व्यवस्थित चालतं, नातवाचा क्लास होतो, पण टीव्हीवर चौकोन चौकोन येतात, आवाज तुटतो, कधी काही चॅनल दिसतात कधी नाही. प्रोव्हायडरचा पोरगा येतो, मोबाईलवर स्पीड दाखवतो आणि म्हणतो काका लाईन ओके आहे तुमचा टीव्ही जुना झालाय. टीव्ही बदलू का?

उत्तर : काका, टीव्ही अजिबात बदलू नका. नेट चालतंय म्हणून टीव्हीची लाईन ओके आहे असं होत नाही. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे जुनी केबल टीव्हीचीच पद्धत फायबरवरून आणलेली दिसते. त्यात एकाच काचेच्या तारेतून वेगवेगळ्या तरंगलांबीचे प्रकाश जातात. नेट घरात येतं ते १४९० नॅनोमीटरवर, घरातून बाहेर जातं ते १३१० वर, आणि टीव्ही येतो १५५० वर. भिंतीवरच्या डब्यात, ज्याला ही मुलं ओएनयू म्हणतात, तिथे टीव्हीचा प्रकाश वेगळा होतो आणि मागच्या गोल स्क्रूच्या पोर्टातून काळी किंवा पांढरी कोॲक्स वायर सेटटॉप बॉक्सला जाते. बघा, तुमच्या डब्याला असं गोल पोर्ट आहे का. असेल तर पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे.

नेटचा रिसिव्हर फार मंद प्रकाशावर सुद्धा काम करतो, वजा २७ डीबीएमपर्यंत (हे प्रकाशाची ताकद मोजायचं माप) तो ओढून नेतो. टीव्हीच्या रिसिव्हरला त्यापेक्षा पुष्कळ जास्त प्रकाश लागतो. त्यात भर म्हणजे वायर वाकली की १५५० चा प्रकाश १३१० पेक्षा जास्त गळतो. म्हणजे वायर कुठेतरी दाबली गेली असेल तर नेटला कळतही नाही आणि टीव्हीवर मात्र चौकोन येतात. आणि डिजिटल चित्र आधीच्यासारखं हळूहळू मुंग्या मुंग्या होत नाही, एका मर्यादेपर्यंत स्वच्छ आणि तिच्या खाली गेलं की एकदम तुटतं, म्हणून कधी आहे कधी नाही असं वाटतं.

तुम्ही स्वतः एक करू शकता. टीव्ही युनिटच्या मागे हात घाला, ती पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कपाटाच्या आणि भिंतीच्या मध्ये चेपली गेलीय का, खिळ्याला घट्ट गुंडाळलीय का ते बघा. असेल तर अलगद मोकळी करा, वळण चहाच्या बशीएवढं तरी मोठं राहू द्या. वायरचं टोक डब्यातून काढून त्यात डोळ्याने बघू नका, प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला चांगला नाही, आणि त्या टोकाला बोट लागलं तरी लॉस वाढतो. हे करूनही सुधारलं नाही तर त्या मुलाला सांगा की स्पीड दाखवू नको, पॉवर मीटर आण आणि १५५० वर रीडिंग दाखव. त्याच्याकडे मीटर असतोच, नसेल तर त्याच्या सीनियरकडे असतो. रीडिंग कमी आलं तर दोष कनेक्टरमध्ये, जॉइंटमध्ये किंवा वरच्या स्प्लिटरमध्ये, तिन्ही कामं त्याची, त्याचे पैसे तुम्ही द्यायचे नाहीत. रीडिंग चांगलं आलं तर मग कोॲक्स वायरचं टोक नवीन करून घ्या, उलव्यासारख्या खाडीकाठच्या हवेत ती पिन हिरवी पडते.

प्रश्न : पुनावळे, पुणे. आम्ही दोघंही आयटीत, टीव्ही बघतच नाही. मला फक्त नेट हवंय. प्रोव्हायडर म्हणतो ताई पॅकेजच तसं आहे, टीव्ही फ्री आहे, घ्या ना. बिलात एकच आकडा येतो. फ्री असेल तर तक्रार कशाला असं माझे मिस्टर म्हणतात. तुमचं काय मत?

उत्तर : ताई, फ्री काहीच नसतं हे तुम्हालाही माहीत आहे. नेट आणि केबल टीव्ही या दोन वेगळ्या सेवा आहेत, नेटचा परवाना दूरसंचार विभागाचा, केबलची नोंदणी माहिती प्रसारण मंत्रालयाची, १९९५ च्या केबल कायद्याखाली. वायर एक झाली म्हणून हिशोब एक होत नाही. बिल दोन ओळींत मागा, नेट इतके, टीव्ही इतके, जीएसटी इतका. यात त्याचं काही जात नाही, आणि तुम्हाला नेटचा खरा भाव कळतो, मग शेजारच्या कंपनीशी तुलना करता येते. आत्ता एकाच आकड्यामुळे ती करता येत नाही आणि पॅकेज बांधण्याचं एक कारण तेही असतं.

टीव्हीच्या बाजूला काय पैसे असतात ते थोडक्यात सांगतो, इतर वाचकांनाही उपयोगी पडेल. फेब्रुवारी २०१९ पासून चॅनेलची किंमत वेगळी आणि वायरचं भाडं म्हणजे एनसीएफ वेगळं. सुरुवातीला १०० चॅनेलला १३० रुपये अधिक टॅक्स असे १५३ रुपये ४० पैसे व्हायचे, मग २०२० मध्ये त्याच १३० मध्ये २०० चॅनेल द्यायला लावले. जुलै २०२४ मध्ये ट्रायने या भाड्यावरची वरची मर्यादाच काढून टाकली, आता ऑपरेटर ठरवेल ते, फक्त जाहीर करायला हवं. त्यामुळे "सरकारी रेट १३० आहे" असं भांडायला जाऊ नका, तो आता नाहीये. पे चॅनेल पॅकमध्ये घालायचा असेल तर त्याची सुटी किंमत १९ रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, हे मात्र आहे. आणि कोणता चॅनेल घ्यायचा कोणता नाही हा हक्क ग्राहकाचा आहे, "३५० चॅनेल" मधले बरेचसे फुकटचेच असतात, त्यात दूरदर्शनचे आलेच.

एक फरक लक्षात ठेवा. तुमचा प्रोव्हायडर सेटटॉप बॉक्स न देता एखादं ॲप देत असेल, स्मार्ट टीव्हीवर टाकायचं, तर ती केबल नाही, ते ओटीटी झालं, त्याला वर सांगितलेले दराचे नियम लागू होत नाहीत. लहान प्रोव्हायडर हल्ली हेच जास्त करतात कारण स्वतःचा टीव्ही चालवायला हेडएंड म्हणजे चॅनेल पकडून पुढे पाठवायचं केंद्र, चॅनेलशी करार, सगळं लागतं आणि ते त्यांच्या आवाक्यातलं नसतं, ओटीटीचा तयार गठ्ठा घेऊन नेटला जोडणं सोपं. त्यात वाईट काही नाही. फक्त ॲप कोणाचं आहे, त्याचं नाव काय, मधेच एखादं चॅनेल गेलं तर पैसे कमी होणार का, हे विचारून घ्या. नाव सांगायला टाळाटाळ करत असेल तर ते चोरीचं प्रक्षेपण असू शकतं, अशा ॲपपासून लांबच राहा, उद्या बंद पडलं तर तक्रार करायला जागा नसते.

प्रश्न : २०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, लॅपटॉपला वायर लावून सुद्धा ९३-९४ च्या वर जात नाही. प्रोव्हायडर फसवतोय का? पाथर्डी फाटा, नाशिक.

उत्तर : ९३-९४ वर अडकतंय म्हटल्यावर जवळपास नक्की पोर्टच १०० चं आहे. स्वस्तातल्या ओएनयूला मागे दोन लॅन पोर्ट असतात, त्यातलं एकच गिगाबिट असतं, दुसरं १०० एमबीपीएसचं. वायर दुसऱ्या पोर्टात लावून बघा. तरी तेच आलं तर वायर बदला, चारच तारा जोडलेली किंवा एखादी तार तुटलेली लॅन वायर १०० वरच थांबते. दोन्ही करून फरक नाही तर डबा बदलून मागा, २०० चे पैसे घेऊन १०० चं पोर्ट देणं चुकीचं आहे आणि डबा त्याचा आहे. वायफायवर कमी मिळत असेल तर तो वेगळा प्रश्न, २.४ गिगाहर्ट्झवर दाट वस्तीत ४०-५० मिळालं तरी पुष्कळ, ५ गिगाहर्ट्झवाला राउटर घ्या.

प्रश्न : बदलापूरला नवीन कॉम्प्लेक्समध्ये आलो. फायबर म्हणून कनेक्शन घेतलं, पण घरात लाईट असताना सुद्धा कधीकधी नेट जातं, विचारलं तर म्हणतात शेजारच्या विंगची लाईट गेलीय. आणि पहिल्याच पावसात वीज कडाडली तेव्हा आमच्या मजल्यावरच्या चार घरांचे राउटर गेले. फायबरला वीज लागते का?

उत्तर : तुमच्या घरापर्यंत फायबर आलेलंच नाहीये. फायबर आलंय ते एका विंगच्या गच्चीपर्यंत, तिथे स्विच बसवलाय आणि स्विचमधून निळी किंवा करडी लॅन वायर घराघरात सोडलीय. घरात येणारी वायर बघा, टोकाला पारदर्शक चौकोनी प्लग असेल, आत आठ तांब्याच्या तारा दिसत असतील, तर ती लॅन वायर. फायबरचं टोक हिरवं किंवा निळं, चौकोनी, मधोमध पांढरी बारीक नळी.

दहा वर्षांपूर्वी हीच पद्धत सगळीकडे होती आणि लहान प्रोव्हायडरला स्वस्त पडायची, पण तिचे तोटे तुम्ही भोगताय. गच्चीवरच्या स्विचला लाईट लागते, ती ज्या विंगच्या मीटरवर आहे तिथली गेली की सगळ्यांचं नेट बंद. आणि गच्चीवरून खाली आलेली तांब्याची लांब वायर वीज पडली की तो झटका घरात आणते, जवळ पडली तरी पुरते. काचेच्या तारेतून तो येत नाही. खऱ्या घरापर्यंतच्या फायबरमध्ये मधला स्प्लिटर नुसता काचेचा असतो, त्याला वीज लागतच नाही, एक टोक प्रोव्हायडरच्या ऑफिसात आणि दुसरं तुमच्या घरात, दोन्हीकडे बॅकअप असला की लाईट गेली तरी नेट चालू. घरच्या डब्यासाठी १२ व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस मिळतो, तो जरूर घ्या.

तुम्ही चौघंपाचजण मिळून लेखी मागणी करा की फायबर घरापर्यंत द्या, "फायबर" म्हणून विकलंय तर तेच मिळालं पाहिजे. गेलेले राउटर त्याने दिलेले असतील तर भरून देणं त्याचंच काम. आणि गच्चीवरचा स्विच सोसायटीच्या कॉमन मीटरवर चालतोय का तेही बघा, त्याचं बिल कोण भरतंय हे बऱ्याच कमिट्यांना माहीतच नसतं.

प्रश्न : मी वाचक पण आहे आणि धंद्यातला पण. सातारा जिल्ह्यात वीस वर्षं केबल चालवतो. आधी घरोघरी कनेक्शन होतं, आता पोरं म्हणतात टीव्ही नको नेट द्या. गावाबाहेर एनए प्लॉटचा मोठा लेआउट पडलाय, तीनशे घरं होतील. मोठ्या कंपन्या यायच्या आधी मी नेट + टीव्ही टाकावं का? का उशीर झाला?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्यासारख्या माणसांनीच हे करायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण नव्या लेआउटमध्ये सगळ्यात आधी पोचणारा माणूस तुम्हीच असता, कोणाचा पोल कोणाच्या बांधावर आहे ते तुम्हाला ठाऊक असतं, आणि रात्री दहाला फोन केला तर उचलता. मोठ्या कंपनीच्या कॉल सेंटरला लेआउटचं नावसुद्धा सांगता येत नाही.

उशीर झालाय का, तर थोडा झालाय, खरं बोलतो. बीएसएनएलने २०२४ च्या अखेरीस फायबरवर टीव्ही सुरू केला, सुरुवात मध्य प्रदेश आणि तमिळनाडूत केली, ५०० च्या वर चॅनेल. एअरटेलने मार्च २०२५ मध्ये दोन हजार शहरांत आयपीटीव्ही, म्हणजे नेटच्या लाईनवरचा टीव्ही, काढला, ६९९ पासून, नेटसकट. म्हणजे जोडून विकणं ही आता लहान माणसाची खासियत राहिलेली नाही. शिवाय जिओ एअरफायबर २०२३ पासून आहे, त्याला वायरच ओढावी लागत नाही. त्यामुळे भावावर तुम्ही त्यांच्याशी लढू नका, हराल. लाईन बंद पडली तर किती वेळात सुरू करून देता यावर लढा.

तीन वाटा आहेत. पहिली, बीएसएनएलचा भागीदार व्हा, त्यांचं नेट आणि नाव, तुमची वायर आणि माणसं, कमाई वाटून, आपल्याकडे बरेच केबलवाले यातच आहेत. दुसरी, एखाद्या राज्य पातळीवरच्या परवानाधारक कंपनीची फ्रँचायझी घ्या. तिसरी, स्वतःचा क वर्गाचा नेटचा परवाना काढा, अ देशाचा, ब राज्याचा, क छोट्या भागाचा, साधारण जिल्ह्याएवढा. तिसऱ्यात मान आहे पण डोक्याला तापही आहे, नोंदी दोन वर्षं सांभाळायच्या, पोलिसांनी मागितलं तर कोणता आयपी पत्ता कोणत्या वेळी कोणाकडे होता ते द्यावं लागतं, एक माणूस त्यासाठीच लागतो. तीनशे घरांसाठी मी पहिली किंवा दुसरी वाट सांगेन. फक्त परवान्याशिवाय, कोणाचं तरी एक मोठं कनेक्शन घेऊन ते घराघरात वाटायचं, हे कधीही करू नका, काही जण करतात, तो गुन्हा आहे.

केबलची नोंदणी अद्ययावत करून घ्या. ती आधी हेड पोस्टात व्हायची, १७ जानेवारी २०२५ पासून मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन झालीय, पाच वर्षांसाठी, फी ५,००० रुपये. एमएसओबरोबरचा, म्हणजे तुम्हाला चॅनेलचा सिग्नल देणाऱ्या मोठ्या केबल कंपनीबरोबरचा, करारही काढून बघा, वेगळं काही ठरलं नसेल तर वायरच्या भाड्यात एमएसओला ५५ टक्के आणि तुम्हाला ४५ असा ट्रायचा हिशोब आहे, अनेकांना त्यापेक्षा कमी मिळतंय आणि त्यांनी कागद वाचलेलाच नाहीये.

लेआउटमध्ये काम करायचं तर आत्ता करा, रस्ते डांबरी व्हायच्या आधी. डेव्हलपरला भेटा, पाण्याच्या पाईपसाठी चर खणतायत त्यातच एक रिकामा पाईप टाकून घ्या, पाईपचा खर्च तुम्ही करा, खोदाई त्यांची आधीच चालू आहे. एकदा डांबर पडलं की परवानगी, रस्ता दुरुस्तीचे पैसे, पावसाळ्यात खोदाई बंद, सगळं मागे लागतं. महावितरणच्या पोलवरून विनापरवाना वायर नेऊ नका, ती एक दिवस कापली जाणार आणि त्या दिवशी तीनशे घरांचे फोन येणार. पाईप दुसऱ्या कंपनीलाही भाड्याने देता येईल असा मोठा टाका. आणि तुमच्यापर्यंत येणारी मुख्य लाईन दोन वेगळ्या रस्त्यांनी आणा, एक जेसीबी दोन्ही तोडू शकणार नाही अशी. याच्यावर पैसे वाचवलेले लहान प्रोव्हायडर पहिल्या पावसाळ्यातच गिऱ्हाईक गमावतात.

टीव्ही सोडू नका. घरातली म्हातारी माणसं अजून मराठी मालिका आणि बातम्या सेटटॉप बॉक्सवरच बघतात, त्यांना रिमोटवरचा नंबर पाठ असतो. पण बिल वेगळं द्या, पुनावळ्याच्या ताईंना वर जे सांगितलंय ते तुम्हीही वाचा.

प्रश्न : मी म्युनिकमध्ये असतो, आईबाबा कोल्हापुरात नव्या फ्लॅटमध्ये. लोकल फायबर घेतलंय, छान चालतं, पण डीव्हीआरचा (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याचा) सीसीटीव्ही मला इथून दिसत नाही.

उत्तर : लहान प्रोव्हायडरकडे सार्वजनिक आयपी पत्ते कमी असतात, म्हणून एका पत्त्यामागे बरीच घरं बसवतात, बाहेरून थेट तुमच्या डीव्हीआरपर्यंत पोचता येत नाही. स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमच्या घराचा न बदलणारा पत्ता, मागा, त्याचे वेगळे पैसे पडतील. नाहीतर डीव्हीआरमध्ये कंपनीची क्लाउड सोय असते ती चालू करा, क्यूआर कोड स्कॅन करून, त्याला सार्वजनिक पत्ता लागत नाही. पासवर्ड मात्र पहिल्या दिवशी बदला, बसवणाऱ्याने ठेवलेला तसाच ठेवू नका.

प्रश्न : मोशीला आमच्या भागातल्या प्रोव्हायडरने वर्षाचे पैसे घेतले आणि चार महिन्यांत नेटवर्क दुसऱ्याला विकून टाकलं. नवा म्हणतो ते पैसे मला मिळाले नाहीत, परत भरा. जुना फोन घेत नाही. अडीचशे घरं आहेत. जायचं कुठे?

उत्तर : आधी कागद गोळा करा. पावती, यूपीआयचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवर त्याने पाठवलेला प्लॅन, जे असेल ते. पावतीवर कोणाचं नाव आहे ते नीट बघा, बऱ्याचदा पैसे स्थानिक माणसाच्या खात्यात जातात पण कनेक्शन परवानाधारक कंपनीच्या नावावर असतं, आणि तसं असेल तर जबाबदारी त्या कंपनीची, स्थानिक माणूस तिचा प्रतिनिधी. ती कंपनी शोधा. तिच्याकडे तक्रार नोंदवा, डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या, नंबर दिला नाही तर ईमेल करा म्हणजे तारीख राहते. उत्तर समाधानकारक नसेल तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं, त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. पॅकेजमधल्या टीव्हीचा भाग वेगळा आहे, केबल कायद्यात जिल्हाधिकारी, प्रांत, पोलीस आयुक्त हे अधिकृत अधिकारी आहेत, त्यासाठी अर्ज त्यांच्याकडे.

समांतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका. आणि दूरसंचारच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या चालतात असा निकाल दिलाय. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा आयोगात फी लागत नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन होतो. अर्जात जुना आणि नवा दोघांनाही सामील करा, नव्याने गिऱ्हाईकांसकट नेटवर्क घेतलंय तर खरेदीचा करार आयोगासमोर दाखवायला लावा, गिऱ्हाईकांची आगाऊ रक्कम कोणाच्या गळ्यात हे त्या करारात लिहिलेलं असतं. अडीचशे घरांपैकी जेवढे येतील तेवढ्यांनी एकत्र अर्ज करा, तशी परवानगी कायद्यात आहे, आणि निकाल लागेपर्यंत नव्या माणसाला महिन्याचेच पैसे द्या, पावती घेऊन.